संख्याशास्त्रीय प्रोग्रामचा वेग : आधी मोजा, मग सुधारा

प्रोग्राम संथ चालला की आपण लगेच कोड बदलायला घेतो. त्याआधी वेळ कुठे जातो ते मोजायला हवे. दिल्लीच्या हवेच्या आकडेवारीवरून हे पाहू.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पीएम २.५ च्या दर १५ मिनिटांच्या नोंदी मिळतात. एका केंद्राच्या वर्षाला ९६ × ३६५ = ३५,०४० नोंदी होतात. हवा गुणवत्ता निर्देशांकासाठी २४ तासांची सरासरी लागते. ती प्रत्येक नोंदीपाशी काढायची, तर दर वेळी मागच्या ९६ नोंदी घ्याव्या लागतात.

१. मोजणी : ‘आर’ भाषेत ‘सिस्टम.टाइम’ एकूण वेळ सांगते, तर ‘आरप्रॉफ’ कोणते फंक्शन किती वेळ घेते ते दाखवते. मोजणी पाच-सहा वेळा करून मध्यक घ्या. समजा, ८० टक्के वेळ सरासरीच्या लूपमध्ये आणि २० टक्के फाइल वाचण्यात जातो. फाइल शून्य वेळात वाचली गेली तरी वेग फक्त १.२५ पट होईल. म्हणून आधी लूप सुधारा.

२. सुधारणा : लूपमध्ये ‘सी’ फंक्शनने एकेक उत्तर जोडले, तर दर वेळी आधीच्या सर्व उत्तरांची नवी प्रत बनते. वर्षभरासाठी अशा सुमारे ६१ कोटी संख्यांची नक्कल होते. त्याऐवजी पूर्ण लांबीचा सदिश आधीच तयार ठेवा. तसेच ‘कमसम’ने संचयी बेरीज एकदाच काढा, दोन टोकांची वजाबाकी केली की ९६ नोंदींची बेरीज मिळते.

३. पडताळणी : नोंदी गहाळही असतात. एक ‘एनए’ आला की पुढची सगळी संचयी बेरीज ‘एनए’ होते. तिथे शून्य ठेवून ९६ ने भागले तर काय होईल? ६४ नोंदींची खरी सरासरी ९० असेल, तर उत्तर ६० येईल. राष्ट्रीय मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दूषित हवा मानकात बसलेली दिसेल! म्हणून वैध नोंदींची संचयी संख्याही ठेवा आणि तिच्यावरून मिळणाऱ्या संख्येने भागा. निर्देशांकासाठी किमान १६ तासांची माहिती लागते. ६४ पेक्षा कमी नोंदी असतील तिथे उत्तर ‘एनए’च ठेवा.

शेवटी एका महिन्याच्या नोंदींवर जुन्या, संथ पण बरोबर कोडची उत्तरे नव्याशी ‘ऑल.ईक्वल’ने ताडून पाहा. उत्तरे जुळली, तरच वाढलेल्या वेगाला अर्थ आहे.

स्वाध्याय : आपल्या जवळच्या केंद्राच्या नोंदी घेऊन दोन्ही कोडचा वेळ मोजा.