कोरी पाटी कोण देतो?

धर्मशाळेतील खोली एका प्रवाशाने सोडली, की दुसऱ्यास देण्यापूर्वी ती झाडून घेतात. कोनाड्यात पहिल्याची एखादी चिठ्ठी राहिली, तर ती परक्याच्या हाती पडावयाची! संगणकाच्या स्मृतीचेही असेच आहे. आपल्या शनवाऱ्यातील एखाद्या दुकानात ज्या संगणकावर हिशेब होतो, त्याच्यावरच पत्रे लिहिली जातात व बँकेचे व्यवहारही होतात. या साऱ्या आज्ञावल्या एकाच स्मृतीतील जागा आळीपाळीने वापरतात. मग एकीचे गुपित दुसरीस का दिसत नाही?

प्रथम स्मृती म्हणजे काय ते पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक पूर्ण झाला. त्याची स्मृती बारीक चुंबकीय कड्यांची होती. प्रत्येक कडी ० किंवा १ यांपैकी एक अंक धरून ठेवी. स्मृतीत २०४८ शब्द मावत व प्रत्येक शब्द ४० अंकांचा असे. आज कड्यांची जागा सिलिकॉनमधील सूक्ष्म विद्युत्भारांनी घेतली आहे. वीज गेली की हे भार ओसरतात. पण वीज चालू असेपर्यंत लिहिलेले टिकून राहते. एखादी जागा 'मोकळी केली' म्हणजे ती रिकामी असल्याची केवळ नोंद होते. जुने अंक तेथे तसेच असतात.

ते पुसण्याचे काम संगणकाची कार्यप्रणाली करते. ती स्मृतीचे वाटप पृष्ठांनी करते. बहुतेक संगणकांत एक पृष्ठ ४०९६ बाइटांचे असते. एका बाइटात ८ अंक. या मापाने टिफ्रॅकची सारी स्मृती आजच्या अडीच पृष्ठांत मावेल! एका आज्ञावलीचे पृष्ठ दुसरीस देण्यापूर्वी त्यात सर्वत्र शून्ये भरली जातात.

यातही काटकसर आहे. लिनक्स कार्यप्रणालीकडे शंभर पृष्ठे मागितली, तरी ती सामान्यतः लगेच शंभर पृष्ठे पुसत बसत नाही. आज्ञावलीने नुसते वाचले, तर सर्वांसाठी ठेवलेले एकच शून्यपृष्ठ तिला दाखविले जाते. तिने प्रथम काही लिहिले, म्हणजे खरे पृष्ठ शून्यांनी भरून दिले जाते. विंडोजमध्ये संगणक रिकामा असताना मोकळी पृष्ठे पुसून ठेवणारा एक स्वतंत्र सेवक असतो.

आज्ञावलीच्या घरात मात्र निराळा कारभार चालतो. तिला चाळीस-पन्नास बाइटांचे लहान तुकडे वारंवार लागतात. त्यासाठी तिच्यातच एक कोठावळा असतो. तो कार्यप्रणालीकडून मोठी जागा घेऊन तुकडे वाटतो व परत आलेले तुकडे पुन्हा देतो. 'सी' भाषेत 'मॅलॉक' ही आज्ञा दिली, तर तुकडा न पुसताच हाती येतो, कारण पुसण्यास वेळ लागतो. 'कॅलॉक' दिली, तर शून्यांनी भरलेला मिळतो. जागा कार्यप्रणालीकडून नुकतीच कोरी आली असेल, तर चतुर कोठावळा ती पुन्हा पुसत नाही.

या न पुसलेल्या तुकड्यांतच धोका असतो. २०१४ साली 'ओपनएसएसएल' या सुरक्षा-आज्ञावलीत 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. लबाडीने मागणी करणाऱ्यास एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची स्मृती परत मिळे व तीत कधी इतरांचे संकेतशब्दही असत. मूळ चूक मागणीची लांबी न तपासण्याची होती. परंतु काम संपताच गुपिते पुसली जाती, तर चोराच्या हाती थोडेच लागते.

पुसण्याची आज्ञा लिहिली म्हणजे भागले, असेही नाही. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा अनुवादक पाहतो, की ही जागा पुढे कोणीच वाचत नाही. आणि पुसणे निरर्थक समजून तो ती आज्ञाच गाळतो! म्हणून 'हे पुसणे गाळू नये' असे बजावणारी खास आज्ञा लिनक्सच्या प्रचलित 'सी' ग्रंथालयात २०१७ साली घालण्यात आली.

सारांश, दोन घरांमधील भिंत कार्यप्रणाली सांभाळते. पण आपल्या घरातील केर आपणच काढला पाहिजे. उद्या तुमच्यापैकी जे आज्ञावल्या लिहितील, त्यांनी संकेतशब्द वापरून झाला की तो त्याच क्षणी पुसावा.