हिमनदी चढ चढते तेव्हा

काश्मीरच्या गंगाबलचा ट्रेक करून आलेल्या एका वाचकानं विचारलंय : डोंगर कापला की दरी होते, मग तिथं तळं कसं झालं? प्रश्न झकास आहे. नारानागहून चढताना देवदार, फर मागे पडतात, भूर्ज खुजे होत जातात आणि झाडं संपली की हरमुखच्या पायथ्याशी, साडेतीन हजार मीटरच्या वर, हे भलंमोठं तळं समोर येतं.

पाणी उतार सोडत नाही. हिमनदी मात्र तळाशी चढही चढते, कारण मागच्या जाड बर्फाचा रेटा तिला खळग्यातून वर ढकलतो. म्हणून समोर उंबरठा शिल्लक ठेवून ती मागे खोल खणू शकते. नुसता बर्फ खडकापुढे मऊच. कापतात ते त्यात गोठलेले दगड. सुताराच्या पॉलिश पेपरमध्ये लाकूड झिजवते ती वाळू, कागद तिला फक्त धरून ठेवतो, तसंच हे. बर्फ आटला की खळग्यात पाणी साठतं. (अशा काही तळ्यांचा फिल्टर लावल्यासारखा हिरवट-निळा रंग, तो या घासण्यातून उरलेल्या दगडाच्या पिठाचा.)

खडकांवर उरलेले असे ओरखडे स्वित्झर्लंडमधल्या झां-पियर पेरोदँ या डोंगरी शिकाऱ्यानं नेमके हेरले होते. पुस्तकांत हिमयुगाच्या कल्पनेचं श्रेय निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासी यांच्या १८३७च्या भाषणाला मिळतं. पण १८१५मध्येच पेरोदँनं मिठाच्या खाणींचे संचालक शार्पांतिए यांना सांगितलं होतं, की आमची अख्खी दरी मार्तिनी गावापर्यंत हिमनदीनं भरलेली होती. तिथले अजस्र धोंडे पाण्याला वाहून आणणं शक्यच नाही. शार्पांतिए यांना ते इतकं अचाट वाटलं, की त्यांनी विचारही केला नाही.

शिकाऱ्यानं मग तेच इंजिनिअर इग्नाझ व्हेनेट्झ यांना सांगितलं. काही वर्षांनी ते त्यांना पटलं. त्यांनी शार्पांतिए यांना पटवलं, शार्पांतिए यांनी आगासींना. आणि आगासींनी १८४०मध्ये शार्पांतिए यांच्या आधी पुस्तक काढलं! उत्साहाच्या भरात त्यांनी बर्फ उत्तर ध्रुवापासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत पसरवला. पेरोदँ मार्तिनीपाशी थांबला होता.

शार्पांतिए यांचा ग्रंथ १८४१मध्ये आला. त्यात त्यांनी शिकाऱ्याचं ते बोलणं, आपण ते कसं उडवून लावलं यासकट, छापून टाकलं.