मालवणची आगबोट, दिव्याची गाडी

मुंबईच्या लोकलगाडीत शेजारच्या माणसाच्या बोलण्यातला हेल ओळखून ‘तुमी खयचे?’ असे विचारावे आणि तो ‘मालवणचो’ म्हणाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘मगे उतारतास खय? कुडाळाक काय कणकवलेक?’ या प्रश्नात वावगे काही नाही, पण मालवणचा माणूस तो ऐकून थोडा खट्टू होतो. कारण मालवणला स्टेशन नाही. सावंतवाडीला आहे, वैभववाडीला आहे, झारापसारख्या लहान गावालाही आहे. फार काय, ‘सिंधुदुर्ग’ या नावाचेही एक स्टेशन आहे; पण ज्या किल्ल्यावरून ते नाव आले तो किल्ला समोर असणाऱ्या मालवणात रेल्वेचा रूळ औषधालाही सापडायचा नाही. आणि गंमत अशी, की रुळांवर ज्यांचे आयुष्य गेले अशी माणसे मोजायला बसलात, तर या स्टेशन नसलेल्या गावाची गणती बरीच वर येईल.

ही कथा समजायची, तर आगबोटीपासून सुरुवात करावी लागते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. चौतीस किलोमीटरचा तो प्रवास शाळेच्या पुस्तकातून आपण सर्वांनी पाठ केलेला आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत घाट फोडून गाडी पुण्याला गेली, नाशकाकडे गेली, पुढे सारा देश पादाक्रांत करून आली. पण मुंबईच्या दक्षिणेला लागूनच असलेल्या कोकणपट्टीत मात्र ती शिरली नाही. कोकणाला त्या वेळी तिची फारशी खंतही नव्हती, कारण कोकणाची गाडी पाण्यावरून चालत असे. रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही तिची स्टेशने! बोट बंदरापासून दूर खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून होड्या जायच्या आणि लाटेचा हेलकावा साधून माणसे, पेट्या, फणस आणि कोंबड्या वर चढवल्या जायच्या. मालवणच्या बंदरात तर पाण्याखाली खडकांचे जाळे. वाट ठाऊक असलेल्या खलाशाशिवाय तिथे कोणी धाडस करीत नसे. पावसाळ्याचे चार महिने ही वाहतूक बंद. आषाढात मुंबईहून आजाराची तार आली, तर घाटमाथ्यावर चढून लांबच्या वळशाने जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि समुद्राचे देणे कधी कधी फार जड पडे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, तिच्यात सहाशेहून अधिक माणसे गेली. ती बोट मालवणची नव्हे. पण पुढे कित्येक वर्षे मुलगा बोटीत चढला, की आईचे लक्ष पोहोचल्याच्या पत्राकडे लागलेले असायचे.

त्या बोटीने मुंबईला उतरलेला चाकरमानी लोकलने फिरत असे, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे पहिल्या दोन-तीन पिढ्यांचे लोकलवाचून काही अडत नव्हते. ब्रिटिश अमदानीतल्या खानेसुमाऱ्या पाहा. मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा, आणि मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. ही माणसे राहिली ती गिरणगावात, गिरणीच्या भोंग्याच्या टापूत. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड. एका खोलीत गावातली पंधरा-वीस माणसे. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका. जेवण खानावळवाल्या बाईकडे. पाळीचा भोंगा झाला, की जिना उतरावा आणि दहा मिनिटांत यंत्रापुढे उभे राहावे. घरापासून कामापर्यंतचे अंतर पायांनी मोजायचे आणि कामापासून घरापर्यंतचे, म्हणजे गावच्या घरापर्यंतचे, आगबोटीने. मधल्या अंतराला त्याच्या हिशेबात जागाच नव्हती. करी रोडच्या पुलावर उभे राहून खालून धावणारी गाडी पाहणे हा त्याचा रेल्वेशी संबंध.

ही घडी मोडली ती १८ जानेवारी १९८२ पासून. त्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ गिरण्यांचे दरवाजे पुन्हा नीट उघडलेच नाहीत. खोल्या विकल्या गेल्या. कोणी डोंबिवलीला बिऱ्हाड केले, कोणी नालासोपाऱ्याला, विरारला, बदलापूरला. बापाला दहा मिनिटे लागत होती, मुलाला दीड तास लागू लागला. गिरण्यांच्या जागी पुढे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या लोअर परळच्या पुलाखाली बापाचा जन्म गेला त्याच पुलावर मुलगा कचेरीसाठी विरारहून येऊन उतरू लागला. मालवणी माणूस खऱ्या अर्थाने लोकलचा झाला तो असा, गिरणगाव सुटल्यावर.

आता ही लोकल म्हणजे काय प्रकरण आहे, ते मुंबईकराला सांगायला नको. पण हा अंक पुण्या-नागपूरच्या घरांतही वाचला जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेची पहिली गाडी धावली. त्याच साली, नोव्हेंबरात, जपानात टोकियोच्या यामानोते मार्गाचे वर्तुळ पूर्ण झाले. दोन्ही शहरांच्या रुळांना एकच साल लाभले म्हणा ना. टोकियोची ती गाडी साडेचौतीस किलोमीटरचा फेरा घालते आणि तीस स्टेशने घेत पुन्हा जिथल्या तिथे येते. शहराभोवती कमरपट्टा बांधावा तशी. गर्दीच्या वेळी माणसांना डब्यात लोटण्यासाठी तिथे पांढरे हातमोजे घातलेले नोकर ठेवीत. आपल्याकडे हे काम प्रवासी एकमेकांचे फुकट करतात. पण मुंबईला कमरपट्टा शोभणार कसा? ती तर समुद्रात शिरलेली चिंचोळी पट्टी. सकाळी सारे शहर दक्षिणेला ओतायचे आणि संध्याकाळी उत्तरेला परत काढायचे. म्हणून एका वेळी एका बाजूची गाडी फुटते आणि समोरची बऱ्यापैकी रिकामी जाते. काही हुशार लोक संध्याकाळी उलट्या दिशेने दोन-चार स्टेशने मागे जातात आणि तीच गाडी परत फिरली, की बसून घरी येतात. वीस मिनिटांचा तोटा, पण बूड टेकले हा नफा!

या मार्गांवर दररोज पाऊण कोटीच्या आसपास माणसे ये-जा करतात. गर्दीच्या वेळी डब्यात उभ्याच्या जागेत चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे असतात. रेल्वेने या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त नाव दिले आहे. आपण तिला आठ सतराची कल्याण म्हणतो. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग टेकवायचे, ही ‘चौथी सीट’ कोणत्याही कायद्यात नाही, पण ती नाकारणारा माणूस त्या डब्यात दुसऱ्या दिवशी बसू शकत नाही. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणे लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. आणि काही डब्यांत टाळ घेऊन भजन चालते. आमच्याकडच्या डबलबारीत वाढलेला बुवा दादरपर्यंत दोन अभंग सहज आटोपतो. जागा मिळाली नाही, तरी वरचा सूर मिळतो. बायकांच्या डब्याचे राज्य वेगळे. तिथे भाजी निवडली जाते, भिशीचा हिशेब होतो, डोहाळजेवणही होते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पूर्ण गाडीच बायकांसाठी सुटली, तो जगातला पहिला प्रयोग मानतात.

परंतु हे सगळे रसाळ वर्णन करताना दाराकडे पाहायचे नाही, अशी आपली एक सवय आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसाच्या सरीत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे गेली. गिरण्या असताना जो पूल पुरत होता, तो कचेऱ्यांना पुरला नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या अंगावरून गेल्या तेव्हा दारात लोंबकळणारी माणसे खाली पडली आणि त्यांतली किमान चार दगावली. २५ डिसेंबर २०१७ पासून बंद दारांच्या वातानुकूलित लोकल धावू लागल्या होत्या. मुंब्र्याच्या अपघातानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे लावण्याची घोषणा झाली. दार मिटेलही. पण दाराबाहेर राहिलेला माणूस मग कुठे उभा राहणार?

इकडे आगबोटीचे काय झाले? ती ऐंशीच्या दशकात थांबली. मग रात्रभर एस. टी.त बसून कंबर मोडून घेणे आले. कोकणाला रेल्वे हवी ही मागणी जुनी. राजापूर मतदारसंघाचे बॅ. नाथ पै यांच्या काळापासून ती संसदेत गाजत होती. त्यांच्यामागून तिथले खासदार झालेले मधु दंडवते आधी रेल्वेमंत्री व पुढे अर्थमंत्री झाले. १९९० साली ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ निघाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. केंद्राबरोबर चार राज्यांनी भांडवल घातले, बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल, रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा चौसष्ट मीटर उंच पूल. २६ जानेवारी १९९८ पासून हा सबंध मार्ग खुला झाला. बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर एकशे पंचेचाळीस वर्षांनी!

आणि ती मालवणला आली नाही. नकाशा पाहिला म्हणजे कारण समजते. कर्ली नदी कुडाळपाशी ओलांडावी तर ती बेताची असते. तीच देवबाग-तारकर्लीला पोहोचेपर्यंत ऐसपैस खाडी होते. गड नदीचेही तेच. किनाऱ्याने रूळ न्यायचा, तर प्रत्येक मुखावर समुद्राशी भांडण. म्हणून रूळ आत सरकला. जे बंदर खाडीच्या मुखावर वसले म्हणून शतकानुशतके भरभराटले, ते त्याच मुखामुळे रुळाला पारखे झाले. कुडाळ-कणकवलीत बाजार वाढले, लॉज निघाली. मालवणच्या वाट्याला एस. टी.चा तास-सव्वातासाचा रस्ता आला.

पावसाळ्यात जुन्या आगबोटीसारखी ही गाडीही दबकत चालते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांवर आदळून विशेष गाडी घसरली आणि पन्नासांवर प्रवासी मेले. तेव्हापासून पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावल्या, तर कोणी कुरकुरत नाही. निदान कोकणातला माणूस तरी नाही.

लोकल आणि कोकणची गाडी या दोघींची गाठ पडते ती दिवा जंक्शनावर. नावाचा दिवाळीशी संबंध नाही, आणि उजेडही बेताचाच. पूर्वी लहान गाव होते, आता मुंबईत घर परवडेना म्हणून सरकत आलेल्या माणसांनी भरून वाहते आहे. जानेवारी २०१५ मध्ये इथल्या प्रवाशांनी संतापून रूळ अडवले. डिसेंबर २०१६ पासून जलद लोकल इथे थांबू लागल्या. याच स्टेशनातून सकाळी लवकर सावंतवाडीची गाडी सुटते. दिवसभर प्रत्येक लहान स्टेशनाला नमस्कार करीत, एकेरी मार्गावर मोठ्या गाड्यांना वाट देत, ती संध्याकाळच्या सुमाराला मुक्कामी पोहोचते. दादरहून रात्री सुटणारी तुतारी, कोकणकन्या, मांडवी या तिच्या प्रतिष्ठित बहिणी. पण गणपतीला साठ दिवस आधी आरक्षण उघडते आणि चहा निवेपर्यंत संपते. मग उरते ती ही दिव्याची गाडी.

त्या सकाळी दिव्याला दोन फलाटांवर एकाच जातीची माणसे उभी असतात. एका फलाटावर दारात हात घालून आठ-सतरा पकडणारी, दुसऱ्यावर पिशव्यांत मखराचे सामान, पोरांच्या अंगावर नवे कपडे. मी एकदा हिशेब करून पाहिला. डोंबिवलीहून बोरीबंदर अठ्ठेचाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन शहाण्णव, सहा दिवसांचे पाचशे शहात्तर. मुंबईहून कुडाळ रुळाने पाचशेच्या आतच आहे. म्हणजे हा माणूस दर आठवड्याला कुडाळ गाठून पलीकडे जाईल एवढे अंतर काटतो, आणि शनिवारी रात्री उतरतो डोंबिवलीलाच. खऱ्या कुडाळला मात्र वर्षातून एकदा, फार तर मे महिन्यात दुसऱ्यांदा.

आणि तिथे कोण वाट पाहत असते? बोट होती तेव्हा घरी आई-बाप होते, बायको होती, मनिऑर्डरवर चालणारे पाच-सहा जणांचे घर होते. गाडी आली तोपर्यंत बायको नालासोपाऱ्यात आली होती आणि मुले तिथल्या शाळेत. पुष्कळ घरांना गणपतीपुरते कुलूप उघडते. शेजारच्या घरात किल्ली असते. पोहोचल्याबरोबर आधी ती आणावी लागते.

कुडाळच्या फलाटावर गाडी दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात ट्रंक, पोरे, म्हातारी, गणपतीचे सामान उतरवायचे असते, आणि लोकलमध्ये वीस सेकंदांत उतरण्याची तालीम असल्याने ते नीट होते. बाहेर मालवणची एस. टी. उभी असते. चालक विचारतो, ‘मालवणाक हत काय कोण?’ आणि अख्खा फलाट हात वर करतो.