कॉलेज पुण्यात, शब्बाथ कुठे?

अलिबाग, ठाणे किंवा मुंबईच्या बेने इस्रायली ज्यू घरातलं मूल बारावीनंतर पुण्याला शिकायला येतं. होस्टेल, मेस, बसचा पास ही कामं सगळ्यांसारखीच उरकतात. एक काम मात्र त्याचं एकट्याचं असतं: शुक्रवारची संध्याकाळ कुठे घालवायची ते शोधणं. 2011च्या जनगणनेत देशभरातले ज्यू पाच हजारही भरले नाहीत. वर्गात आपल्यातलं कुणी भेटेल या भरवशावर राहता येत नाही.

पुण्यात सिनेगॉग दोन. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड म्हणजे पुणेकरांचं लाल देऊळ. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं, पण 1867 साली पूर्ण झालेलं पाहायला ते हयात नव्हते. त्यांची कबर त्याच आवारात आहे. दुसरं रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो, 1921 सालचं, बेने इस्रायलींनी उभारलेलं. माझं मत विचाराल तर नव्या मुलानं आधी रास्ता पेठेत जावं. तिथे पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी घरची आडनावं कानावर पडतात आणि गाव सांगितलं की नातं लागायला वेळ लागत नाही.

थेट दारात जाऊन उभं राहू नये. 2008 साली मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, 2010 मध्ये पुण्यातच जर्मन बेकरीत स्फोट झाला. तेव्हापासून ज्यू प्रार्थनास्थळांवर पहारा असतो, अनोळखी माणसाला विचारपूस होते. त्यामुळे आपल्या गावच्या सिनेगॉगमधल्या वडीलधाऱ्यांनी आधी पुण्यात फोन करून ठेवावा, आणि मुलानं कॉलेजचं ओळखपत्र सोबत न्यावं. प्रार्थना कोणत्या सिनेगॉगमध्ये, किती वाजता, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर सुटतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. म्हणून हिवाळ्यात शुक्रवारचं शेवटचं प्रॅक्टिकल आड येतं. टाईमटेबल लागताच बॅच बदलून मागितलेली बरी.

आता मिन्यानचं. सामुदायिक प्रार्थना पूर्ण व्हायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊच असले तर तोरा या धर्मग्रंथाचं जाहीर वाचन होत नाही, मृतांसाठी म्हणायची कद्दीशही राहते. समाज लहान, तरुण परगावी किंवा इस्रायलला गेलेले. अशा ठिकाणी एक विद्यार्थी दहावा ठरू शकतो. त्याला देवळाची जितकी गरज, तितकीच देवळाला त्याची. मुलींची गणना या दहांत होत नाही आणि त्यांची बसायची जागा वेगळी असते. पहिल्यांदा एकट्या येणाऱ्या मुलीला हे जड जाऊ शकतं. एखाद्या काकूंना आधीच सांगून ठेवलं तर त्या शेजारी बसवून घेतात, पान काढून देतात. प्रार्थना हिब्रूत असते, पण तिचा मराठी अर्थ छापण्याची परंपरा जुनी आहे: पेसाख सणाच्या रात्री वाचायचा हग्गादा मराठी भाषांतरासह पुण्यातच 1874 साली छापला गेला.

जेवणाचा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, मांस विधिपूर्वक कापलेलं लागतं, मासा खवल्यांचा हवा, म्हणजे कोळंबी-खेकडे वर्ज्य. मेसमध्ये शाकाहारी ताट घेतलं की बहुतेक अडचण मिटते. अवघड जातो तो पेसाख: आठ दिवस पाव नाही, रोजची चपाती नाही. तेव्हा पुण्यातल्या एखाद्या बेने इस्रायली घरी जेवायला जाणं हाच खरा उपाय.

अशी घरं जोडली जातात ती मलिद्याला. नवस फेडताना किंवा शुभकार्याला गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि फळं ताटात मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण करतात. या कार्यक्रमाचं बोलावणं विद्यार्थ्यानं सहसा चुकवू नये. सिनेगॉगमध्ये तोंडओळख होते. मलिद्याला त्याच्या जेवणाची, आजारपणाची, सुट्टीत कुठे जाणार याची चौकशी सुरू होते.

राहता राहिल्या परीक्षा. हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं आणि अधिक महिन्याचं असतं, त्यामुळे सणांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. योम किप्पूर, म्हणजे बेने इस्रायलींचा दारफाळणीचा सण, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही येतो, आणि नेमक्या त्याच सुमारास सत्राच्या मधल्या परीक्षा असतात. सुमारे पंचवीस तासांचा तो कडक उपास. त्या दिवशी लिहिणंही वर्ज्य. महाराष्ट्र सरकारनं 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. त्या आधारानं विद्यार्थ्यानं वर्षाच्या सुरुवातीलाच सणांच्या तारखा लिहून प्राचार्यांकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना विनंती एवढीच, की असा अर्ज आला तर 'एकाच मुलासाठी वेगळी सोय कशी करायची' असं म्हणून तो बाजूला ठेवू नये. या समाजातला विद्यार्थी बहुतेक ठिकाणी एकटाच असणार.