भाकरी कोणाच्या हातची?

जगाची अन्नव्यवस्था बदलली पाहिजे, असे आज मोठमोठ्या परिषदांतून सांगितले जाते. माती टिकावी, शरीर निरोगी राहावे, सर्वांना न्याय्य वाटा मिळावा, हे तिचे हेतू. हेतूंबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की, हा बदल कोणाच्या हातून व्हायचा?

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्याचे उदाहरण घेऊ. ज्वारी-बाजरी हे येथील कष्टकऱ्यांचे अन्न. थोड्या पाण्यावर येणारे. दाणा माणसाला, कडबा जनावराला. 1965 नंतरच्या हरितक्रांतीत पाणी, खत आणि सरकारी खरेदी यांचा ओघ मुख्यतः गहू-तांदळाकडे वळला. रेशनवरही तेच आले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. हा हक्क लहान नाही. पण पोट भरणे वेगळे, अंगी रक्त भरणे वेगळे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

जी भाकरी गरिबीची खूण म्हणून हिणवली गेली, तिचेच धान्य 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात ‘श्री अन्न’ झाले. नाव बदलले, जमिनीची मालकी बदलली नाही.

तेलंगणात जहीराबाद परिसरातील दलित स्त्रियांच्या संघांनी वेगळी वाट दाखवली. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साथीने 1990 च्या दशकात त्यांनी गावोगावची पडीक जमीन लागवडीखाली आणवली. शेतकऱ्याने घेतलेले कर्ज ज्वारीच्या रूपाने फेडायचे, ती ज्वारी गावातच साठवायची, आणि सर्वांत गरीब कोण हे गावानेच बसून ठरवून त्यांना ती स्वस्तात द्यायची, अशी ही रीत. बियाणेही बायकांनी घरीच जपले. 2019 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराहून मोठी गोष्ट ही की, दुसऱ्याच्या शेतात राबणारे हात धान्याचे वाटप ठरवू लागले.

पडीक जमीन भूमिहीनांना द्या, म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 मध्ये सत्याग्रह झाला, हजारोंनी तुरुंगवास पत्करला. त्या मागणीचा अर्थ येथे उलगडतो. रेशन हवेच, ते हक्काचे आहे. परंतु जमीन, पाणी आणि बियाणे यांवर ज्याचा अधिकार नाही, त्याच्या ताटात काय पडावे हे दुसराच ठरवतो. हा अधिकार न बदलता होणारा बदल म्हणजे जुन्याच कोठाराला नवा रंग.