न वापरलेली बॅटरी का मरते?

श्रीपूरसारख्या उसाच्या आणि साखर कारखान्याच्या गावात बॅटरी ही नवलाची वस्तू नाही. ट्रॅक्टरला ती असते, घरच्या इन्व्हर्टरला असते, आणि आता अंगणात पोरं बसून चालवतात त्या छोट्या स्कूटरलाही असते. फरक एवढाच, की ट्रॅक्टरची बॅटरी जपली जाते आणि स्कूटरची विसरली जाते. मार्चअखेर ऊन तापायला लागलं की स्कूटर पत्र्याच्या खोलीत जाते, तीही बॅटरी उतरलेली असतानाच. पाऊस पडल्यावर बाहेर काढावी, तर जागची हलत नाही. ‘माल हलका होता’ म्हणून सगळे मोकळे होतात.

यातल्या बऱ्याच स्कूटरमध्ये सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असते. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये बनवलेल्या बॅटरीचंच हे लहान रूप. बॅटरी उतरताना आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते पुन्हा मूळ रूपात जातं. तशीच ठेवली तर त्याचे बारीक स्फटिक वाढून टणक होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते पुरते विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप थोडी थोडी उतरत असते, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली त्याहून जास्त. वापरापेक्षा अशी साठवणच बॅटरीला जास्त मारते.

चार्जरवर हिरवा दिवा लागला म्हणून बॅटरी चांगली, असं मानू नका. खराब बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. त्यामुळे चार्जर लावताच व्होल्टेज झटकन चढतं आणि चार्जर फसतो. तासाभरातच हिरवा दिवा लागत असेल तर संशय घ्यावा.

खरी परीक्षा मल्टिमीटरने होते. 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली, तर ती 12.7 च्या आसपास दाखवते. मग मूल बसवून स्कूटर चालवताना पुन्हा मोजा. आकडा 9-10 वर कोसळला तर बॅटरी गेली. 12 च्या जवळ टिकला आणि तरी मोटर फिरत नसेल, तर बॅटरीला हात लावू नका. दोष पुढे आहे. आधी फ्यूज पाहा, मग गंजलेली टर्मिनल, मग ब्रेकच्या दांडीतला छोटा स्विच. हा स्विच ब्रेक दाबल्यावर मोटरची वीज तोडतो. तो धुळीने अडकला की गाडीला सतत ब्रेक लागल्यासारखाच वाटतो. हे सगळं ठीक असेल तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात; ते रिवाइंडिंगवाल्याकडे दाखवावेत.

फ्यूज उडाला म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळण्याची सवय आपल्याकडे फार. इथे ती करू नका. एवढीशी बॅटरी शॉर्ट झाली तर शंभराहून अधिक अँपियरचा प्रवाह सोडू शकते, आणि त्या वायरवर मूल बसलेलं असतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जरही लावू नये. 7 अँपियर-तासाच्या बॅटरीला 2 अँपियरच्या वर प्रवाह सोसत नाही. दोन बॅटऱ्यांची 24 व्होल्टची गाडी असेल तर दोन्ही एकदमच बदला. जुनी नवीलाही खाली ओढते. लिथियमची बॅटरी असेल तर तिचा स्वतःचाच चार्जर वापरा आणि ती उघडू नका.

खेळ झाला की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. पडून राहणार असेल तर पूर्ण चार्ज करून, वायर काढून, घरातल्या गार खोलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. पाणी घालावं लागत नाही म्हणून लक्षही द्यावं लागत नाही, असं नाही.

आणि खरोखर संपलेली बॅटरी अंगणात फोडू नका, उकिरड्यावरही टाकू नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या.