दारूचं सांगायचं नाही म्हणे!

परवा सकाळी पोळ्या लाटत होते. धुण्याभांड्याला येणारी आमची बाई दारातच उभी, आत येईना. म्हणाली, "ताई, ह्यांना रात्री पोलिसांनी उचललं. मारामारी केली म्हणे."

नवरा रोजचा पिणारा. सकाळी उठल्यावर आधी घोट, मग चहा. मी विचारलं, "तो पितो हे सांगितलंस का तिथे?"

"छे हो! दारूचं सांगितलं तर केस आणखी वाढेल."

मैत्रिणींनो, अब्रू झाकायची आपली सवय इथे अगदी जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. कुणाला फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात, माणूस बरळतो. बघणाऱ्याला वाटतं, सोंग करतोय. पण वेळेवर औषध मिळालं नाही तर यात माणूस दगावतोसुद्धा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व दिलं, तर बहुतेक जण सावरतात.

कणीक तशीच झाकून आम्ही दोघी पोलिस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "चार दिवस आत राहिला की आपोआप सुटेल दारू." (हे मी चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकलंय. नवऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवायला निघतात!) वाद घातला नाही. अटक झालेल्याची डॉक्टरांकडून तपासणी व्हायलाच हवी. पूर्वीच्या कायद्यात ते होतं, १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तेव्हा एवढंच म्हटलं, "तपासणीला न्याल तेव्हा रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली, तेवढं डॉक्टरांना सांगा."

अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. वकिलाला पैसे कुठले? पण कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. तिथल्या वकीलबाईंनीच हिला पुढे केलं. आयुष्यात कधी चार लोकांत न बोललेली ही बाई पदर घट्ट धरून म्हणाली, "साहेब, हे रोज पितात. रात्रीपासून मिळाली नाही. हातपाय कापतायत."

संध्याकाळी त्याला सिव्हिल हॉस्पिटलात हलवलं. खाटेपाशी पोलिस बसलाय, केस तिच्या वाटेनं चाललीय. पिणं सुटेल का, ते आता कसं सांगणार? अंगातली दारू उतरणं वेगळं आणि व्यसन सुटणं वेगळं. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या ठिकाणी त्यासाठी पुढचे कित्येक दिवस घालवावे लागतात. चौकशीसाठी व्यसनमुक्तीचा १४४४६ हा सरकारी नंबर मी तिच्या मुलीच्या वहीत लिहून दिलाय.

ती अजून हॉस्पिटलातच आहे. भांडी सध्या मीच घासतेय.